एजन्सी बुडवायची आहे? आधी भाचा शोधा

राजेहो, परवा नागपुरात धरमपेठेतून जाताना एका बिल्डिंगीवरचा बोर्ड उतरवताना दिसला. दोन पोट्टे शिडीवर, अन् खालून एक माणूस ओरडून राहिला होता, "हळू बे, अक्षरं अ‍ॅक्रेलिकची आहेत, विकायची आहेत." तीस वर्षं चाललेली जाहिरात एजन्सी. मी तिथं अकरा वर्षं काढली, आधी कॉपीरायटर, म्हणजे जाहिरातीतला मजकूर लिहिणारा, म्हणून आणि नंतर कॉपीरायटर कम जे पडेल ते म्हणून. तेव्हापासून जो भेटतो तो विचारतो, इतकी चालती एजन्सी बुडाली कशी हो? कशी म्हणजे? मेहनतीनं बुडाली. आपोआप काय होतं या जगात? ज्यांना स्वतःची बुडवायची असेल त्यांच्यासाठी सगळा अनुभव फुकटात देऊन राहिलो, घ्या.

सगळ्यात आधी एक भाचा लागतो. मुलगा पण चालतो, पण मुलाला बाप कधीतरी झापतो. जावई चालतो, पण त्याचा मानपान सांभाळण्यातच मालकाचा अर्धा दिवस जातो. भाचा बेस्ट. त्याला झापलं की संध्याकाळी बहिणीचा फोन येतो, "दादा, पोरगं जेवलं नाही आज," की संपलं, दुसऱ्या दिवशी त्याला केबिन. शिक्षण वगैरे पाहू नका. आमचा भाचा पुण्याला एमबीए करायला गेला होता, करून आला की नुसताच आला हे शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही, पण आला आणि पहिल्याच दिवशी क्रिएटिव्ह हेड झाला. त्यानं मला विचारलं, हाफ पेज म्हणजे ए-फोर का? मी म्हटलं नाही, ३३ सेंटीमीटर रुंद आणि २५ उंच. "इंचात सांगा ना." मी सांगितलं की पेपरवाले चौरस सेंटीमीटरवर बिल लावतात, तर म्हणतो, ते मीडियावाल्यांचं काम, आपण क्रिएटिव्ह. त्या दिवसापासून आमच्याकडं 'आपण' म्हणजे तो.

कोणी कुरकुर केलीच, की नात्यागोत्यातच वाटून राहिले म्हणून, तर डरू नका, सरळ डेव्हिड ओगिल्वीचं नाव घ्या. एवढा मोठा जाहिरातवाला, पण एजन्सीत पहिल्यांदा शिरला तो मोठ्या भावाच्या ओळखीनं, भाऊ फ्रान्सिस लंडनच्या माथर अँड क्राऊदरमध्ये होता. इथपर्यंत सांगा आणि थांबा. तो त्याच्या आधी दारोदार फिरून आगा कंपनीच्या शेगड्या विकत होता, आणि त्या कशा विकाव्या यावर त्यानं सेल्समन लोकांसाठी अशी काही पुस्तिका लिहिली होती की भावानं तीच नेऊन मालकांपुढं ठेवली, हे सांगू नका, नाहीतर कोणीतरी विचारेल तुमच्या भाच्यानं काय विकलं होतं म्हणून. (आमच्यानं कॉलेजात असताना मामाची जुनी अ‍ॅक्टिव्हा विकली होती. तीही तोट्यात.) याच ओगिल्वीनं पुढं डायरेक्टर लोकांसमोर रशियन बाहुल्या ठेवल्या होत्या, एकीच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी, सांगायचं एवढंच की स्वतःपेक्षा लहान माणूस घेत गेलात तर कंपनी बुटक्यांची होईल. आमच्याकडं ही बाहुल्यांची गोष्ट अगदी मनापासून अंमलात आणली, फक्त उलटी ऐकली. मालकानं भाचा घेतला, भाच्यानं रूम पार्टनर घेतला, रूम पार्टनरनं त्याचा एक मित्र घेतला जो डिझाइनचं सॉफ्टवेअर कोरल ड्रॉ उघडायच्या आधी यूट्यूब उघडायचा.

आता पैशाचं. ही गोष्ट बाहेरच्यांना कळत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. पेपर एजन्सीला १५ टक्के कमिशन देतो. लाखाची जाहिरात लागली की पेपरला ८५ हजार भरायचे आणि १५ आपले, ऐकायला गोड वाटतं, पण त्यातले दहा क्लायंटच मागून घेतो, कारण बर्डीतला दुसरा एजन्सीवाला द्यायला तयार बसलेला असतो. उरले पाच. त्या पाचात पगार, भाडं, लाईट बिल, दुपारचा चहा. आणि आयएनएस, म्हणजे वर्तमानपत्रांची संघटना, तिची मान्यता असली की पेपर उधारीवर छापतात खरं, पण मुदत भरली की क्लायंटनं दिले न दिले, पेपरला पैसे एजन्सीनंच मोजायचे. म्हणूनच आमचे जुने अकाउंटंट नवा क्लायंट आला की आधी अ‍ॅडव्हान्स मागायचे, त्याशिवाय रिलीज ऑर्डर, म्हणजे पेपरला जाहिरात छापायला सांगणारा कागद, काढायचे नाहीत. तर बुडवायचं असेल तर अशा माणसाला आधी 'निगेटिव्ह' म्हणा. भाच्याचं लग्न ठरलं होतं, होणाऱ्या सासऱ्यांचं उमरेड रोडवर प्लॉटचं लेआऊट पडलं होतं, घरचंच माणूस, अ‍ॅडव्हान्स कसा मागता? पाच लाखांच्या जाहिराती लागल्या. प्लॉट काही विकले गेले नाहीत, पैसे आले नाहीत, आणि पेपरला ४ लाख २५ हजार भरावे लागले. लाखामागं पाच हजार सुटत असतील तर तेवढे भरून काढायला ८५ लाखांच्या जाहिराती लावायच्या, हा हिशोब अकाउंटंटनी कागदावर करून मालकाच्या टेबलावर ठेवला. मालकानं त्या कागदावर संत्रा बर्फीचा डबा ठेवला. साखरपुड्याची बर्फी होती.

त्यानंतर एक माणूस शोधून काढा जो चुका पकडतो, आणि त्याला घालवा. हे फार महत्त्वाचं, यात चुकाल तर एजन्सी उगाच चालत राहील. आमच्याकडं प्रूफ वाचायला एक काका होते, पेपरातून रिटायर होऊन आलेले, जिन्याखालच्या टेबलावर लाल पेन घेऊन बसायचे. 'शुभेच्छूक' दिसलं की ऱ्हस्व करायचे, 'जाहीरात' दिसलं तर नुसते चष्म्यावरून पाहायचे, पाहणं पुरे व्हायचं. युनिकोडमधून श्रीलिपी फॉन्टमध्ये मजकूर घेताना जोडाक्षरं फुटतात ते त्यांना लांबून दिसायचं. पगार १४ हजार. भाचा म्हणाला, आता एआय आहे, काका कशाला? काकांना शाल दिली, श्रीफळ दिलं, ग्रुप फोटो काढला, आणि शालीच्या पाकिटावर त्यांचं आडनाव चुकवलं. ते काही बोलले नाहीत. खिशातून पेन काढलं, दुरुस्त केलं आणि निघून गेले.

मग आली धनत्रयोदशी. इतवारीतले एक सराफ, आमचे वीस वर्षांचे क्लायंट, त्यांची फुल पेज. त्यांनी लिहून पाठवलं होतं, घडणावळीवर २५ टक्क्यांपर्यंत सूट. भाच्यानं लेआऊट पाहिला आणि म्हणाला, ओळ लांब होऊन राहिली, डिझाइनला श्वास घेता येत नाही. श्वासासाठी 'पर्यंत' काढला. झालं 'घडणावळीवर २५ टक्के सूट', मोठ्या सोनेरी अक्षरात, डिझाइन एकदम मोकळा श्वास घ्यायला लागलं. मी तिथंच होतो हो. दिसलं मला. पण त्याच्या आधीच्या आठवड्यात मी त्याची एक हेडलाइन 'चांगली आहे पण अर्थ लागत नाही' असं म्हणालो होतो आणि त्यावरून माझं इन्क्रिमेंट अडकलं होतं, तर मी पण म्हटलं, छान दिसून राहिलं सर. व्हॉट्सअ‍ॅपवर अप्रूव्हल गेलं, सराफांच्या मुलानं दुकानाच्या गर्दीत मोबाईलवर पाहून अंगठा दाखवला, जाहिरात छापून आली. सकाळी दहाला दुकान उघडलं तेव्हा बाया पेपरचं पान घडी करून पर्समध्ये घेऊन उभ्या. बांगडीवर २५, मंगळसूत्रावर २५, नथीवर २५. मोठे सराफ शब्दाचे पक्के, छापलंय तर देऊ म्हणाले, दिवसभर दिली सूट, आणि तो सगळा फरक आमच्या बिलातून कापला. वर एक वाक्य सांगून पाठवलं: तुमच्याकडं ते लाल पेनवाले होते ना, ते कुठं गेले?

आता प्रश्न उरतो खापर कोणावर फोडायचं. यासाठी नागपूरकरांना दुसरीकडं शिकायला जायची गरजच नाही, आपल्याकडं मारबत आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत निघते, म्हणजे बाईचे मोठाले पुतळे, सोबत बडगे, तेही पुतळेच, सगळं गाव ओरडतं 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत', आणि गावातली सगळी रोगराई तिच्या माथी मारून तिला जाळून टाकतात. गावात वर्षातून एकदा होतं, ऑफिसात दर तीन महिन्यांनी करा. सराफांच्या वेळी ज्या मुलीनं फक्त फाइल एक्सपोर्ट केली होती ती बडगी झाली. तिला बोलावून सांगितलं, तू लक्ष द्यायला पाहिजे होतं. नोकरीला लागून तिला चार महिने झाले होते आणि रोज हिंगण्यावरून यायची. ती गेली, दुसऱ्या दिवशी मुंबईच्या एका क्लायंटसाठी घरून काम करायला लागली, आता माझ्यापेक्षा जास्त कमावते. इडा-पिडा मात्र केबिनमध्ये एसी १८ वर ठेवून बसली होती.

राजकारणाचं मी थोडक्यात सांगतो, कारण ते तुम्हाला येतच असेल. एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप ऑफिसचा ठेवायचा, एक ऑफिसमधला पण मालकाशिवायचा, आणि एक भाच्याचा, ज्यात कोण आहे हे कोणाला माहीत नसावं. खरी मीटिंग कॉन्फरन्स रूममध्ये नाही, सकाळी तर्री पोह्याच्या ठेल्यावर होते, तिथं कोण कोणाच्या प्लेटीत जास्त तर्री ओतून घेऊन राहिलाय यावर पुढचं प्रमोशन कळतं. मालकाच्या कानाशी जो सगळ्यात शेवटी लागतो त्याचं खरं, त्यामुळे संध्याकाळी सात नंतर ऑफिसात विनाकारण बसायची सवय लावा. काम करणारे सहाला घरी जातात, हीच त्यांची चूक.

आणि एजन्सी बुडायला लागली की कारण जितकं लांबचं सांगाल तितकं चांगलं. आमच्या मालकांनी शेवटच्या मीटिंगमध्ये सांगितलं की बाबांनो, हा जागतिक ट्रेंड आहे, १८६४ सालची जे. वॉल्टर थॉम्प्सन एजन्सी, तिचं पण २०१८ मध्ये वंडरमनमध्ये विलीनीकरण होऊन वंडरमन थॉम्प्सन झालं, २०२४ पासून ते जोडनाव पण व्हीएमएलमध्ये विरघळलं, मग आपलं काय घेऊन बसलात? गूगल-मेटानं सगळं खाल्लं. सगळ्यांनी माना हलवल्या. खोटं नव्हतंच ते. फक्त आमच्या क्लायंट लिस्टीतले सराफ, दोन कोचिंग क्लासवाले आणि महालातलं साड्यांचं दुकान गूगलकडं नव्हते गेले, ते तिथून तीन चौक पलीकडं गेले होते, आमच्याच जुन्या अकाउंटंटनी आणि प्रूफवाल्या काकांनी मिळून दोन खोल्यांत टाकलेल्या एजन्सीत. तिथं आधी अ‍ॅडव्हान्स मागतात.

रात्री सहज ओएलएक्स उघडलं तर तो बोर्ड होता. फोटो तीन, तिन्ही तिरपे. खाली लिहिलेलं, 'जाहीरात एजन्सी चा बोर्ड, अक्षरे सुटी करुन मिळतील, किंमत १२ हजार, सिरीयस लोकांनीच फोन करावा'. नंबर भाच्याचाच. मी मेसेज टाकला, भाऊ, हि ऱ्हस्व पाहिजे.

त्यानं मला ब्लॉक केलं.