यीट्सला इतक्या सहज ‘राष्ट्रकवी’ म्हणू नका

आयरिश कवींवरच्या तुमच्या लेखात डब्ल्यू. बी. यीट्सला ‘राष्ट्रकवी’ म्हणून एका वाक्यात निकालात काढलंय, ते पटलं नाही. १९१६च्या ईस्टर उठावावरची (डब्लिनमधल्या ब्रिटिशांविरुद्धच्या सशस्त्र बंडावरची) कविता त्याने त्याच वर्षी लिहिली, पण सर्वांसमोर आणली १९२० मध्ये. तोवर ती खासगीत छापलेल्या मोजक्या प्रतींत मित्रमंडळींकडेच होती. आणि ते काही निव्वळ गौरवगीत नाही. उठावानंतर ब्रिटिशांनी गोळ्या घातलेल्यांची नावं घेता घेता, हे मरण अनाठायी तर नव्हतं ना, असंही तो विचारतो. त्यांतला मॅकब्राइड तर त्याला डोळ्यांसमोर नको असायचा (यीट्सचं जिच्यावर प्रेम होतं त्या मॉड गॉनचा नवरा, अजून काय सांगायचं!), तरी त्याचं नाव गाळलं नाही. म्हातारपणी आपल्या १९०२च्या देशभक्तीपर नाटकामुळे तर काही जण गोळ्या खायला गेले नसतील ना, या विचाराने त्याची झोप उडाली होती.

उत्तर आयर्लंडचा कवी शेमस हीनी तिथल्या संघर्षावर ‘गप्प बसला’, हे लेखातलं म्हणणंही अर्धवट. १९७२ मध्ये बेलफास्ट सोडून तो दक्षिणेत, म्हणजे आयर्लंड प्रजासत्ताकात, विकलोला गेला, त्यावरून बोलणी खाल्ली. पण त्याच्या कविता ब्रिटिश कवितांच्या संग्रहात घातल्यावर १९८३ मध्ये, माझा पासपोर्ट हिरवा (म्हणजे आयरिश) आहे, हे त्यानेच पद्यात ठणकावलं. तेही नर्मविनोदी सुरात, चिडून नाही.