गुडघा ओढून बघणाऱ्यांनो, आधी दुसरा गुडघा बघा

परवा तासगावहून धाकट्या बहिणीचा फोन. "ताई, पोरीचा उजवा गुडघा सैल झालाय. पट्टा बांधलाय." मी म्हटलं, अगं, कबड्डीत रेड टाकताना ती डाव्या पायावर मुरगळली ना? तर म्हणते, "हो, पण डावा हलतच नाही. उजवा हलतोय. व्हिडिओत दाखवलंय तसंच बघितलं."

तो व्हिडिओ आमच्याकडच्या घरोघरच्या ग्रुपवर फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं. खुर्चीवर बसवा, गुडघा काटकोनात ठेवा, नडगी धरून पुढे ओढा. हलली तर लिगामेंट, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारा सांध्यातला दोर, गेलं, नाही हलली तर गुडघा पक्का, खुशाल खेळा. गुडघा वाजत असेल तरी तो सैलच. डॉक्टर हाताने तपासतात ती जुनी पद्धत, एमआरआयमध्ये सैलपणा मिलिमीटरमध्ये कळतो. आणि तेल लावून रात्रभर घट्ट पट्टा बांधला की 21 दिवसांत गुडघा आवळतो.

मी मिरजेत फिजिओथेरपी करते. कबड्डीच्या आणि तालमीतल्या पोरांचे गुडघे रोज हाताखालून जातात. तरी हे माझ्याच बहिणीच्या घरात घडलं, म्हणून लिहितेय.

आधी "हलली तर गेलं" हे घ्या. नडगी पुढे ओढली की चांगल्या गुडघ्यातही ती काही मिलिमीटर सरकतेच. काही मुलींचे सांधे जन्मतःच लवचीक असतात, त्यांची जास्त सरकते. म्हणून एका गुडघ्याच्या आकड्याला फारसा अर्थ नाही, दोन्ही गुडघ्यांत फरक किती हे बघायचं असतं. त्यासाठी 1980 च्या दशकात केटी-1000 नावाचं यंत्र आलं. ते नडगीवर पट्ट्यांनी बांधतात. एक गादी वाटीवर टेकते, दुसरी वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यावर, आणि ओढल्यावर डायलवर सरकणं दिसतं. 134 न्यूटन, म्हणजे साधारण साडेतेरा किलोच्या जोराने ओढून दोन्ही बाजूंत 3 मिलिमीटर किंवा जास्त फरक आला तर संशय घ्यायचा. रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवा, जवळपास तेवढीच जाडी. हे घरातल्या खुर्चीवर, मोठ्या भावाने बहिणीचा पाय ओढून कळणार?

शिवाय जिवंत माणसाचा गुडघा गप्प बसत नाही. दुखलं की मांडीमागचे स्नायू आपोआप आवळतात आणि नडगी मागे धरून ठेवतात. माणूस घाबरला तरी तेच होतं. म्हणून ऑपरेशनच्या टेबलावर भूल दिल्यावर तोच गुडघा जास्त सैल लागतो.

आता सगळ्यात घातक वाक्य: "नाही हलली तर खुशाल खेळा." भाचीच्या गुडघ्यात पडताना 'कट्' आवाज आला होता, दोन तासांत तो टम्म सुजला होता. इतक्या लवकर आलेली सूज म्हणजे बहुतेक वेळा सांध्यात रक्त उतरलेलं असतं, आणि तेव्हा पुढच्या क्रूसिएट लिगामेंटचा, म्हणजे नडगीला पुढे सरकू न देणाऱ्या दोराचा, संशय पहिला घ्यायचा. असा गुडघा काटकोनात नीट वळत नाही, स्नायू आवळलेले, वर सांध्यातल्या आतल्या बाजूच्या कूर्चेच्या गादीची मागची कड दाराखाली सारलेल्या पाचरीसारखी नडगीला अडवते. तो हलणार कसा? दुखऱ्या गुडघ्याला पक्का ठरवलं, चांगल्याला पट्टा बांधला, आणि पोरगी रविवारी पलूसला मॅच खेळायला निघाली होती!

एक मात्र मान्य करायला हवं. काटकोनातली ती तपासणी खोटी नाही, आम्हीही करतो. 2006 साली 28 अभ्यास एकत्र करून या तपासण्यांचा हिशेब मांडला गेला. जुन्या दुखापतीत या तपासणीने तुटलेल्या 100 लिगामेंटांपैकी 92 सापडतात. पण ताज्या दुखापतीत जेमतेम निम्मी. त्याच हिशेबात लॅकमन तपासणी, म्हणजे गुडघा थोडासाच वाकवून नडगी हाताने पुढे ओढायची ती, सगळ्यात भरवशाची ठरली: तुटलेली 100 तर 85 सापडतात, शाबूत 100 तर 94 शाबूतच निघतात. म्हणजे ज्या हाताला व्हिडिओ जुनाट म्हणतो, तो हात इतका पुरतो.

एमआरआय दोर तुटलाय का ते दाखवतो आणि बऱ्याचदा तो हवाच. पण नेहमीचा एमआरआय पाय स्थिर ठेवून काढतात. ओढच नाही तर सैलपणा मोजणार कुठून? साध्या एक्स-रेचंही तेच, त्यासाठी नडगीवर जोर देऊन वेगळा एक्स-रे काढावा लागतो.

वाजण्याचं म्हणाल, तर न दुखता, न सुजता वाजणाऱ्या गुडघ्यांची काळजी सोडा. आणि पट्टा? तुटलेला दोर तेलाने विणला जात नाही. रात्रभर करकचून बांधलं तर पोटरी सुजेल, पाय बधिर होईल. नेमक्या व्यायामाने मांडीचे स्नायू गुडघ्याला सांभाळून घेतात, काहींना ऑपरेशनही लागत नाही, हे खरं. पण ते काम स्नायू करतात, पट्टा नव्हे.

सूज उतरल्यावर भाचीला मिरजेला आणून टेबलावर झोपवलं. गुडघा 20-30 अंशांत वाकवला, एका हाताने मांडी धरली, दुसऱ्याने नडगी, अंगठा सांध्याच्या रेषेवर. आधी उजवा, चांगला. नडगी जराशी पुढे आली आणि टक्कन थांबली, दाव्याला म्हशीने हिसका दिल्यावर थांबते तशी. मग डावा. आली, आणखी आली, थांबण्याची जागा लागेचना.

"मावशी," ती म्हणाली, "हा वेगळाच लागतोय."

एमआरआयची वेळ गुरुवारची मिळालीय.