सोयाबीनला बंदर नाही

परभणीकडच्या माणसाला समुद्रातलं काय कळतं, असं कुणी म्हटलं की मी २०१९ची दिवाळी सांगतो.

मित्राच्या शिडाच्या बोटीनं मुंबईहून गोव्याला निघालो होतो. तो मर्चंट नेव्हीतला, मी नुसता हौशी. विधानसभेचे निकाल लागत होते आणि तिकडं रत्नागिरीच्या पश्चिमेला ‘क्यार’ वादळ आकार घेत होतं. पुढं ते सुपर सायक्लोन झालं, अरबी समुद्रात २००७च्या ‘गोनू’नंतर पहिलंच. आम्ही देवगड बंदरात शिरलो आणि तिथंच अडकलो.

आत बघावं तर बोटीच बोटी. रत्नागिरीच्या, मालवणच्या, गुजरातच्या, कर्नाटकच्या. एकीला एक बांधलेल्या, मधी जुने टायर. बाहेर लाटा खडकावर फुटतायत आणि आत डोंगराच्या आडोशाला पाणी नुसतं हेलकावतंय. बरं, बंदरात बसणं म्हणजे पत्ते कुटत बसणंही नव्हे. दोर कडेला घासून तुटतो, म्हणून पाण्याचा पाइप उभा चिरून त्या जागेवर चढवायचा. दर तासा-दीड तासानं हात फिरवून बघायचं, पाइप सरकला तर नाही ना. आत साचलेलं पाणी उपसायचं. डोलकाठीवर दोरांचं टकटक रात्रभर. शेजारच्या बोटीच्या तांडेलाला, म्हणजे ती चालवणाऱ्या म्होरक्याला, विचारलं, कधी निघणार? ‘बावटो उतरल्याशिवाय नाय.’ विषय संपला. तीन नंबरचा बावटा, म्हणजे बंदरावरची वादळाच्या इशाऱ्याची खूण, लागला की वाद नाही, चर्चा नाही.

तेवढ्यात गावाकडून धाकट्या भावाचा फोन. ‘दादा, रात्रीपासून पाऊस उघडंना. सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री टाकली, पण खालून पाणी शिरू लालंय.’

तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे. पावसाचा अंदाज आपल्यालाही येतोच की. मोबाईलवर येतो, टीव्हीवर येतो, ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’. पण तो ऐकून शेतकऱ्यानं जायचं कुठं? कापलेलं सोयाबीन घेऊन कुठं शिरायचं? मच्छीमाराला इशाऱ्यासोबत जागाही आहे. आपल्याला नुसता इशारा.

आणि नंतरच्या योजना बघा. तेव्हा पीक विम्यात काढणीनंतर शेतात पडलेल्या पिकाला १४ दिवस संरक्षण होतं, फक्त नुकसान ७२ तासांच्या आत कळवायचं. म्हणजे आधी भिजू द्या, मग फोन लावा. बाजार समितीची शेतमाल तारण योजना चांगली आहे. मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा टक्के व्याज. पण माल वाळलेला, चाळलेला पाहिजे. ओल १२ टक्क्यांच्या वर गेली की आडतीवर भावात कटती सुरू. त्या साली हमीभाव क्विंटलला ३,७१० रुपये होता. शेंगेत कोंब फुटलेल्या सोयाबीनला तो कोण देणार? शेवटी खरिपाला हेक्टरी आठ हजार रुपये मदत जाहीर झाली, तीही दोन हेक्टरांपर्यंत. त्यात काढणीची मजुरीसुद्धा धड निघत नाही.

कुणी म्हणेल, मच्छीमारांचं तरी कुठं बरं चाललंय? खरंय. बुडालेल्या दिवसांचे पुरते पैसे त्यांनाही कुणी देत नाही. डिझेल, बर्फ, खलाशांचं जेवण सगळं अंगावर. देवगडात त्या दिवशी शिव्याही भरपूर ऐकल्या. पण बोट शाबूत होती. वादळ सरलं की ती परत समुद्रात जाणार होती. भिजून काळं पडलेलं सोयाबीन कुठं जाणार?

मला मोठं गोदाम नको आहे. दोन-तीन गावांमागं एक उंच ओटा, वर पत्रे, चारी बाजू मोकळ्या, ट्रॅक्टर आत शिरेल एवढी वाट. इशारा आला की ज्याचं कापून पडलंय त्यानं आणून टाकावं, उघडीप झाली की घेऊन जावं. भाडं लावा, आम्ही देऊ. कुणाचं आधी यावरून भांडणं होतील, होऊ द्या. देवगडातही दोर बांधण्यावरून होतच होती.

आमच्या गावात शाळेमागं गावठाणाची जागा पडून आहे. ग्रामसभेत विषय मांडला होता. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि हायमास्ट दिवा मंजूर झाला. आता त्याच्या उजेडात आम्ही गंजी झाकतो.