एलडीएच चाचणीतली मेख

एका लेखात एनके पेशींची (कर्करोगाच्या वा विषाणूग्रस्त पेशी मारणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींची) मारकक्षमता मोजायला किरणोत्सर्गी क्रोमियम-५१ऐवजी एलडीएच चाचणी सुचवलीय; एलडीएच म्हणजे फुटलेल्या पेशींतून बाहेर पडणारं एक विकर. किरणोत्सर्गाची कटकट वाचते, मान्य. पण क्रोमियम फक्त लक्ष्यपेशींत, म्हणजे ज्यांना मारायचं त्या पेशींत, भरलेलं असतं. एलडीएच मारणाऱ्या पेशींतूनही गळतं, सीरममध्येही असतं. म्हणून एनके आणि लक्ष्यपेशींच्या प्रत्येक गुणोत्तरासाठी नुसत्या एनके पेशींचा वेगळा वेल (प्लेटमधला खळगा) लावून त्याचं रीडिंग वजा करायलाच हवं. सीरम ५ टक्क्यांवर आणा, आणि नुसत्या माध्यमाचा वेलही ठेवा.

लक्ष्यपेशी म्हणून के-५६२ (प्रयोगशाळेत वाढवलेल्या रक्तकर्करोगाच्या पेशी) वेलमागे १०,०००, गुणोत्तर २५:१ पासून निम्म्यानिम्म्याने खाली. प्लेट सेंट्रिफ्यूजमध्ये २५० जीवर (गुरुत्वाकर्षणाच्या २५० पट) ४ मिनिटं फिरवून मगच ३७ अंशांवर ४ तास ठेवायची. न फिरवल्यास पेशी एकमेकींना नीट भिडत नाहीत आणि आकडा उगाच कमी येतो. लक्ष्यपेशींची आपोआप गळती कमाल गळतीच्या (सगळ्या लक्ष्यपेशी फोडल्यावर मिळणाऱ्या रीडिंगच्या) २० टक्क्यांवर गेली की प्लेट बाद. मारलेल्या पेशींची टक्केवारी काढताना छेदात कमाल गळती वजा आपोआप गळती असते; तो छेद लहान झाला की टक्केवारी नाचणारच. वाचनाआधी बुडबुडे सुईने फोडा.

या चाचणीसाठी नाशिकहून मुंबईला रक्त पाठवणाऱ्यांनी हेपारिनची (रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याची) नळी वापरावी, नमुना खोलीच्या तापमानाला, त्याच दिवशी पोचवावा. बर्फ नको. आणि एप्रिलात कसारा घाट उतरताना नळी गाडीच्या डिकीत तर मुळीच नको!