‘फक्त संथ नको’ म्हणणाऱ्या मित्राला

परवा एका मित्राने सिनेमांची यादी मागितली. जुने, नवे, कुठल्याही भाषेतले चालतील म्हणाला. "फक्त संथ नको गं."

यादी करायला बसले आणि पहिल्याच नावाला अडले. माझ्या डोक्यात सगळ्यात आधी ‘सेव्हन सामुराई’ आला. १९५४ सालचा जपानी सिनेमा, कृष्णधवल, लांबी २०७ मिनिटं, आणि सुरुवातीचा बराच वेळ लढणारी माणसं गोळा करण्यातच जातो. झालं, हा बाद. पण मग ‘शोले’चं काय करायचं? तोही तीन तासांच्या वरच. त्यातही गाव, लुटारू आणि बाहेरून आणलेले लढवय्ये. शोलेला संथ म्हणणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. वास्तविक तो मनसोक्त रेंगाळतो. जय माउथ ऑर्गन वाजवत बसतो, पलीकडे राधा दिवे मालवत जाते, गोष्ट तसूभर पुढे सरकत नाही. तरी तेवढ्या वेळात कोणी पाणी प्यायला उठत नाही.

मला वाटतं आपण ‘संथ’ म्हणतो तेव्हा तक्रार वेगाची नसते. सिनेमा आपल्याला कशाची तरी वाट बघायला लावतो की नाही, हा मुद्दा असतो. तशी ओढ लागलेली असेल तर तीन तास पुरत नाहीत. नसेल तर दर दोन सेकंदांनी बदलणाऱ्या दृश्यांचाही कंटाळा येतो. मला सर्वांत गाढ झोप लागते ती सुपरहीरोंच्या सिनेमांच्या शेवटच्या अर्ध्या तासात. आकाशातून काहीतरी कोसळत असतं, शहर उद्ध्वस्त होत असतं आणि मी घोरत असते.

‘जॉज’ (१९७५) घ्या. स्पीलबर्गचा यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा, म्हणून त्याला तो फार दाखवताच आला नाही. मग काय, पाण्यावर वाहत येणारी पिवळी पिंपं आणि संगीतकार जॉन विल्यम्सचे ते दोन सूर. शार्क नीट दिसेपर्यंत तासाहून जास्त वेळ गेलेला असतो. यंत्र धड चाललं असतं तर सिनेमा निम्माही भीतिदायक झाला नसता, असं माझं ठाम मत. ‘टायटॅनिक’मध्ये (१९९७) तर जहाज बुडणार हे तिकीट काढण्याआधीच ठाऊक असतं, आणि हिमनगाची धडक व्हायला निम्मा सिनेमा उलटतो. त्या प्रेमकथेला नाकं मुरडणारे खूप आहेत. मी नाही. त्या दोघांसाठी जीव अडकला नसता तर उरलेला निम्मा सिनेमा म्हणजे नुसतं पाणी.

आता ‘सैराट’. हे लिहिल्यावर शिव्या पडतील, पडू देत. पहिल्या भागातली ती स्लो मोशन मला पहिल्यांदा अती वाटली होती. आर्चीची बुलेट, परश्याची विहिरीतली उडी, वर अजय-अतुलचा वाद्यमेळ. दुसऱ्यांदा बघताना कळलं, नागराज मंजुळेंनी ती मुद्दाम उधळलीय. हैदराबादला पोचल्यावर तो सगळा थाट गळून पडतो आणि उरतं पत्र्याचं घर, संशय, पहाटेची कामं. शेवटी तर आवाजच काढून घेतलाय. त्या दोघांचं मूल रक्ताची पावलं उमटवत चालत जातं आणि थिएटरात आपल्याला आपलाच श्वास ऐकू येतो. पहिला भाग आटोपशीर असता तर ती शांतता एवढी बोचली नसती.

उलट काही सिनेमांपुढे मी सपशेल हरलेय. ‘२००१: अ स्पेस ओडिसी’मध्ये पहिली वीसेक मिनिटं एकही संवाद नाही. त्याचं थोरपण मला मान्य आहे. दोनदा लावला, दोन्ही वेळा झोपले. तिसऱ्यांदा लावायची माझी तयारी नाही. ‘सिटिझन केन’शीही (१९४१) माझं जमलं नाही, म्हणजे अख्ख्या सिनेमाशी नाही. पण त्यातल्या न्याहारीच्या टेबलावर मी फिदा आहे. एक लग्न मोडायला किती वेळ लागावा? दिग्दर्शक ऑर्सन वेल्सला दोनेक मिनिटं पुरतात. वर्तमानपत्राचा मालक केन आणि त्याची बायको आधी लाडात, मग चिडचिड, मग टोमणे, आणि शेवटी तोंड मिटून बसलेली ती, हातात नवऱ्याच्या विरोधकाचं वर्तमानपत्र. सिनेमा केला तेव्हा हा पोरगा पंचविशीचा होता. हेवा वाटतो, दुसरं काय.

यादीत ‘सिंहासन’ (१९७९) टाकायचा की नाही यावर मात्र मी खूप वेळ घालवला. त्यात पाठलाग नाही, मारामारी नाही. खोल्या आहेत, टेलिफोन आहेत आणि सत्तेचे हिशोब करणारी माणसं. अरुण सरनाईक आणि श्रीराम लागू समोरासमोर असले की दोघांत नुसती पापणी हलली तरी सरकार हलतंय असं वाटतं. पण माझा डोळा असतो निळू फुलेंच्या दिगू टिपणीसवर. या पत्रकाराला सगळं दिसतं, सगळं कळतं, आणि तो काहीच करत नाही. आपण वाट बघतो की हा आता तरी बोलेल, आता तरी लिहील. अखेरीस त्याच्या तोंडून बाहेर पडतं ते वेड्यासारखं हसू. ज्या नटाने पडद्यावर कायम दरारा बसवला, त्याला इतका हतबल बघणं मला अजूनही जड जातं.

जपानी दिग्दर्शक ओझूचा ‘टोकियो स्टोरी’ (१९५३) मी यादीत टाकलेला नाही. तो कोणाला सुचवायचा सिनेमा नव्हे. म्हातारे आईवडील मुलांकडे येतात, मुलांना वेळ नसतो, ती परत जातात. कॅमेरा जवळजवळ हलतच नाही. वेळ काढते ती विधवा सून. कधीतरी तो ज्याचा त्याला सापडतो.

शेवटी मित्राला एकच नाव पाठवलं, ‘सायको’ (१९६०). (न पाहिलेल्यांनी इथे थांबावं.) सगळे न्हाणीघरातल्या खुनाबद्दल बोलतात. मला त्यानंतरची दहाएक मिनिटं आवडतात. मोटेल चालवणारा नॉर्मन येतो, फरशी पुसतो, प्रेत पडद्यात गुंडाळतो, बादली, फडकं, जवळजवळ एक शब्द नाही. याहून संथ काय असणार? मग तो गाडी दलदलीत ढकलतो. गाडी बुडायला लागते आणि मध्येच थांबते. जिच्याबरोबर आपण पाऊण तास काढला, तिचं प्रेत आत आहे, आणि आपण मनात म्हणतोय, बुड गं बाई, बुड.

आज रात्री बघतो म्हणालाय. तिथे त्याने श्वास धरला का, एवढंच विचारणार आहे.