तुम्हाला कॅमेरा आहे, तुम्ही मागे घ्या

जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंग या शर्यतीच्या रस्त्याची उत्तरेकडची फेरी सुमारे २०.८ किलोमीटरची असून तिच्यात सत्तरच्या वर वळणे आहेत, आणि २०१९ साली ऑडीच्या आरएस क्यू८ या एसयूव्हीने ती फेरी ७ मिनिटे ४२ सेकंदांत पुरी केली. वळणांच्या बाबतीत गुहागर तालुक्यातला कोणताही रस्ता त्या फेरीला हार जाणार नाही. वेळेचा हिशेब मात्र आमच्याकडे मिनिटांत होत नाही. तो पुढे एसटी आहे की चिऱ्याचा ट्रक आहे यावर होतो. माझी गाडी त्या विक्रमी गाडीच्याच जातकुळीतली आहे. चार लिटरचे, दोन टर्बो लावलेले आठ सिलिंडरचे इंजिन, सहाशे अश्वशक्ती आणि शून्यावरून ताशी शंभरचा वेग चार सेकंदांच्या आत. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात त्या बिचाऱ्यांचा काडीचाही दोष नाही. मुंबईतला धंदा मुलाच्या हाती सोपवून वडिलोपार्जित घरी राहायला आलो तेव्हा ही गाडी मी हौसेने घेतली, आणि ती हौस अजून शाबूत आहे, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर लोक सांत्वनाला येतात.

एसयूव्ही हा प्रकार मुळात चिखल आणि दगडधोंडे तुडवण्यासाठी निघाला. पुढे २००२ साली पोर्शेने केयेन आणली आणि शर्यतीचे इंजिन उंच गाडीत बसवण्याची चाल पडली. आपल्याकडे लॅम्बोर्गिनीची उरुस २०१८च्या जानेवारीत आली, ती तीन कोटी रुपयांना. सरकारही या प्रकाराकडे बारकाईने पाहत आले आहे. जीएसटीवरचा उपकर आकारताना एसयूव्ही कशाला म्हणावे, याची व्याख्या केली गेली : लांबी चार मीटरच्या वर, इंजिन १५०० सीसीच्या वर आणि गाडीचे पोट जमिनीपासून किमान १७० मिलिमीटर उंच. ही व्याख्या करणारा अधिकारी कोकणातला नसणार, असे माझे ठाम मत आहे. लांबी घेतली, उंची घेतली, इंजिन घेतले आणि जिच्यावर इथे माणसाची अब्रू ठरते ती रुंदी तेवढी सोडून दिली.

माझ्या गाडीची रुंदी दोन मीटर आहे. आरसे उघडले की सव्वादोनच्या घरात जाते. एसटीला कायद्याने २.६ मीटरपर्यंत रुंद होण्याची मुभा आहे. एकेरी रस्ता ३.७५ मीटरचा धरतात आणि रहदारी कमी असेल तर गावाकडच्या रस्त्याला ३ मीटरही पुरे मानतात. ही बेरीज-वजाबाकी दुसरीतले पोरही करील, पण मला ती दर वेळी प्रत्यक्ष रस्त्यावर, दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या भिंती, असताना आणि समोरून भरलेली बस येत असताना करावी लागते. साध्या गाडीवाल्याला अशा वेळी गडग्यातले एखादे बेडे म्हणजे फाटकाची जागा, एखाद्याचे खळे म्हणजे अंगण किंवा निदान माडाच्या बुंध्याशी सापडणारी हातभर जागा पुरते. मला त्यांपैकी काहीही पुरत नाही.

चढावर येणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, असा नियम १९८९च्या नियमावलीपासून चालत आला आहे. मी एकदा उतरणाऱ्या बसच्या चालकाला हा नियम काचेतून डोके बाहेर काढून अदबीने सांगितला. त्याने इंजिन बंद केले, स्टिअरिंगवर दोन्ही हात टेकले आणि तितक्याच अदबीने म्हणाला, "साहेब, तुम्हाला कॅमेरा आहे ना? मग तुम्हीच मागे घ्या." या युक्तिवादाला माझ्यापाशी आजतागायत उत्तर नाही. चारही बाजूंचे दाखवणारे कॅमेरे मी जादा पैसे मोजून बसवून घेतले, ते गाडी सुरक्षित राहावी म्हणून. आता पंचक्रोशीतले सगळे चालक त्यांना माझ्या मागे जाण्याच्या बांधिलकीचा पुरावा मानतात. ज्याच्याकडे कॅमेरा नाही त्याची मान अवघडते आणि ज्याच्याकडे आहे त्याची अवघडत नाही. तेव्हा अवघडणाऱ्याने का मागे जावे?

मग कंडक्टर उतरतो. तिकिटाचे मशीन गळ्यात तसेच लटकत असते. तो माझ्या मागे जाऊन उभा राहतो आणि "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या" असे म्हणत गाडीच्या पाठीवर तळहाताने थापा मारतो. तो समोर पडद्यावर डोक्यापासून चपलेपर्यंत दिसत असतो, पण त्यामुळे त्याच्या थापा कमी होत नाहीत. श्रावण असेल तर कहर होतो. गडग्यांवर गवत आणि नेचे हातभर वाढलेले असतात, आणि गाडीच्या बंपरातले ध्वनिलहरींचे संवेदक गवताच्या पात्यालाही भिंत समजतात. एक नेचा वाऱ्याने हलला की गाडी स्वतःहून करकचून ब्रेक लावते, सव्वादोन टनांचा ऐवज जागच्या जागी हिसका खातो आणि बसच्या खिडक्यांतून एकदम हशा पिकतो. कंडक्टर मात्र गंभीर असतो. "गवत आहे हो साहेब, घ्या बिनधास्त," असे तो मला सांगतो. मला ते माहीत असते, गाडीला कोणी सांगायचे? माझी गाडी पुढे जाण्यासाठी आठ गिअर घेऊन आली आहे आणि मागे जाण्यासाठी एकच. त्या एकट्यावर किती भार पडतो, हे जर्मनीत कोणाला सुचले नसावे.

हवेवर चालणाऱ्या सस्पेन्शनची गंमत वेगळीच. बटण दाबले की गाडी उंच होते आणि वेग वाढला की आपोआप खाली बसते, कारण वेगात जमिनीलगत असलेली गाडी अधिक स्थिर राहते. जर्मन रस्त्यावर हे शहाणपणाचे आहे. आमच्याकडे रस्ता मोकळा दिसला की गाडी खाली बसते आणि नेमका तिथेच ग्रामपंचायतीने बिनरंगाचा गतिरोधक घातलेला असतो.

लोकांचा मात्र या गाडीवर माझ्याहून जास्त विश्वास आहे. सुट्टीत पर्यटक आपल्या गाड्या पुळणीवर घालतात, भरती येऊ लागते, चाके रुततात, आणि मग कोणीतरी धावत माझ्याकडे येते, "काका, तुमची मोठी गाडी काढा, ओढून घेऊ." सहाशे घोडे एवढ्या कामाला पुरे व्हावेत, अशी त्यांची रास्त समजूत असते. मी त्यांना समजावतो की, गाडीला एकवीस इंची चाके आणि त्यांवर डांबरी रस्त्यासाठी केलेली पातळ कडांची गुळगुळीत रबरे आहेत, त्यामुळे वाळूत शिरल्यावर ती सहाशेच्या सहाशे घोडे खड्डा खणण्याच्या कामी लावील आणि मग ओढायला दोन गाड्या होतील. शेजारचे अण्णा हे सगळे शांतपणे ऐकून घेतात आणि आपला ट्रॅक्टर काढतात. पंचेचाळीस अश्वशक्तीचा, रंग उडालेला, सायलेन्सरवर पत्र्याचा डबा उपडा घातलेला. रबराचे मोठमोठे कंगोरे वाळूत रुततात, पहिल्या गिअरात इंजिन डुगडुगते आणि पर्यटकाची गाडी मुकाट बाहेर येते. मग अण्णा माझ्याकडे पाहून म्हणतात, "तुमच्या गाडीचा उजेड मात्र झकास पडतो हो." खरे आहे. अशा प्रसंगी मी काठावर उभा राहून हेडलाइटचा झोत धरतो.

ॲव्हरेज किती देते, हा प्रश्न मला पेट्रोलपंपावर, देवळात, एकदा तर तेराव्याच्या पंक्तीतही विचारला गेला आहे. मी बारा सांगतो. खरा आकडा ऐकवून भरल्या पानावर कोणाचा घास अडकवण्याचे पाप मला नको आहे.

या गाडीची खरी कसोटी धोपावे-दाभोळ फेरीबोटीवर लागते. बोटीत गाड्या लावणारे खलाशी वितीने मोजतात; माझी गाडी सेंटिमीटरने मोजते. डाव्या बाजूला टेम्पो, उजव्या बाजूला रिक्षा आणि पुढे वऱ्हाडाची जीप. पडदा चारही बाजूंनी लाल झालेला असतो, सगळे भोंगे एकसुरात केकाटत असतात आणि खलाशी बॉनेटवर थाप मारून म्हणतो, "चला, चला, अजून वीतभर हाय." दोन्ही बाजूंची दारे उघडण्याइतकी जागा उरत नाही. पोट आत घेऊन, रिक्षावाल्याच्या मदतीने मी एका दारातून कसाबसा बाहेर पडतो आणि गाडीच्या मागे, दुचाकीवाल्यांत जाऊन उभा राहतो.

अशाच एका खेपेला माझ्या शेजारी एक कोळीण उभी होती. तिने डोक्यावरची बांगड्यांची पाटी खाली ठेवली आणि वाटेत येऊ नये म्हणून पायाने जराशी माझ्या बंपरखाली सरकवली. हात मोकळे नसतील तर बंपरखाली पाय फिरवावा आणि मागचे दार आपोआप उघडावे, अशी सोय या गाडीत आहे. किल्ली जवळपास असली म्हणजे झाले, आणि किल्ली माझ्या खिशात होती. दार सावकाश, अतिशय रुबाबात वर गेले. आत दिवा लागला. कोळणीने आधी दाराकडे, मग माझ्याकडे पाहिले. "दादा, बरं झालं उघडलंत, मला दापोलीलाच जायचं हाय," असे म्हणून तिने पाटी उचलून आतल्या मऊ गालिच्यावर ठेवली. आसपासचे सगळे माझ्याकडे इतक्या कौतुकाने पाहत होते की, हे संवेदकाचे काम आहे, माझे नव्हे, असे म्हणण्याचा धीर मला झाला नाही.

दाभोळचा चढ चढून वर आले की सडा लागतो. दोन्ही बाजूंना उघडा कातळ, समोर सरळ रस्ता, गडगा नाही, माड नाही, एसटी नाही. वर्षाकाठी जी काही मोजकी मिनिटे ही गाडी खऱ्या अर्थाने गाडी असते, ती अशा सड्यावरची. कोळीण शेजारच्या सीटवर पदर सावरून बसली होती. मी पाय दाबला. आठही सिलिंडर एकदम बोलू लागले, पाठ सीटला चिकटली आणि कंपनीने दिलेला शब्द अक्षरशः पाळला गेला. मागे पाटी दारावर आपटल्याचा आवाज आला. तेवढ्यात कातळाच्या आडून दोन म्हशी रस्त्यावर आल्या. चारशे मिलिमीटरच्या वर व्यासाच्या ब्रेकच्या चकत्यांनीही आपला शब्द पाळला, आणि आता पाटी सीटच्या पाठीवर आपटली.

म्हशी सावकाश पार झाल्या. कोळणीने मागे वळून बांगड्यांचा अंदाज घेतला, पदर पुन्हा नीट केला आणि म्हणाली, "दादा, येवढी घाई होती तर आधीची फेरी धरायची नाय काय?"

पुढचे वळण घेतले आणि समोर एसटी लागली. दापोलीपर्यंतचा उरलेला रस्ता आम्ही तिच्या मागे ताशी तीसच्या वेगाने काढला, आणि त्या अवधीत माझ्या शेजारणीने गालिच्यावर सांडलेल्या माशांच्या पाण्यावर कोकमाचे आगळ चोळायचे की नुसती राख, हे मला दोनदा समजावून सांगितले.