भरल्याशिवाय गाडी हलत नाही

सासूबाईंना सांभाळायला येणाऱ्या मावशी तीन दिवसांची रजा घेऊन गावी गेल्या होत्या, आज पाचवा दिवस. सकाळी जिन्यात शेजारचे काका म्हणाले, "अहो, दोन-अडीचशे माणसांचं गाव, तिथे बस कोण लावणार? सवारी तर पाहिजे ना!" तेव्हा गप्प बसले. पण पोळ्या लाटतानाही डोकं शांत होईना, म्हणून लिहितेय.

मावशींचं गाव मध्य प्रदेशात, आपल्या इंदूरशेजारच्या धार जिल्ह्यात. बस फाट्यावर सोडते, पुढे अकरा किलोमीटर मॅजिक, म्हणजे छोटी खाजगी प्रवासी गाडी. आणि मॅजिक भरल्याशिवाय हलत नाही. हाटाच्या दिवशी अर्ध्या तासात भरते, एरवी दोन-दोन तास फाट्यावर बसा. अंधार पडला की मॅजिकवालाही घरी जातो.

मी त्याच भागात वाढले. बाबा मनावरकडच्या एका खेड्यात मास्तर होते. संध्याकाळी रोडवेजची, म्हणजे राज्याच्या सरकारी बससेवेची, मुक्कामी गाडी यायची, ड्रायव्हर-कंडक्टर शाळेच्या ओट्यावर झोपायचे, पहाटे गाडी परत. मी आठ वर्षांची असताना एका रात्री तापाने मला झटके यायला लागले. बाबांनी ड्रायव्हरकाकांना उठवलं. त्यांनी तोंडावर पाणी मारलं आणि गाडी काढली. एवढ्या मोठ्या गाडीत आम्ही तिघं. कंडक्टरने बॅटरीच्या उजेडात तिकिटंसुद्धा फाडली, दोन पूर्ण, एक अर्धं. सवारी किती, हे कोणी विचारलं नाही.

2005 मध्ये रोडवेज बंद करायचं ठरलं. तोट्यात होती, मान्य. पण खाजगी बसवाला सवारी असेल तिकडेच जाणार, हे तेव्हा कोणाला कळत नव्हतं का?

रस्त्यांचंही तेच. 2000 साली प्रधानमंत्री ग्राम सडक योजना आली तेव्हा अट होती: मैदानी भागात 500 लोकवस्ती, डोंगरी आणि आदिवासी भागात 250. आता भिलांच्या फलियात, म्हणजे वस्तीत, घरं एकमेकांना चिकटून नसतात, ज्याचं त्याचं घर ज्याच्या त्याच्या शेतात. मोजायला गेलं की माणसं कमीच भरणार! पुढे राज्याने लहान गावांसाठी वेगळी योजना काढली, रस्ते झाले, चांगले झाले, तेवढं श्रेय देते. मावशींच्या दारापर्यंत डांबर आहे. त्या डांबरावरून जायचं कशाने?

घरोघरी मोटरसायकली आहेत, हेही ऐकवू नका. आहेत. पण ती चालवणारा पोरगा गुजरातमध्ये मजुरीला गेलेला असतो. मावशींची नात बारावी झाली. तहसिलीच्या कॉलेजात नाव घातलं, मॅजिक भरेपर्यंत रोज पहिले दोन तास बुडायचे. दिवाळीनंतर घरच्यांनी बंदच केलं. आता तिचं लग्न ठरवतायत. काका, ती पोर पण एक सवारीच होती ना?

बस नाही म्हणून माणसं गाव सोडतात, मग माणसं नाहीत म्हणून बस नाही.

31 मे 2025 ला आपली इंदूरची मेट्रो सुरू झाली. मलाही आनंद झाला, मुलांना घेऊन बसूनही आले. आमच्या डब्यात मोजून सात-आठ जण होते, तरी गाडी वेळेवर सुटली. तशीच सुटायला हवी. रोज ठरलेल्या वेळी निघते म्हटल्यावर हळूहळू लोक यायला लागतात. मग धारच्या त्या पोरींसाठी दिवसातून दोनदा एक छोटी बस, भरो न भरो, का सुटू नये?

काकांवर राग नाही माझा. त्यांनी ती रात्र पाहिलेली नाही. मी त्या गाडीतल्या लांब सीटवर आईच्या मांडीवर डोकं ठेवून होते. मागच्या सगळ्या रिकाम्या सीटा खडखडत होत्या. तो आवाज अजून कानात आहे.

हे लिहीत असतानाच मावशींचा फोन आला. सकाळी नऊपासून त्या गावात मॅजिकमध्ये बसल्यात. "ताई, अजून पाच सवारी कमी आहेत, आजही येणं होतं की नाही..." मी म्हटलं, मॅजिकवाल्याला फोन द्या, पाच सीटांचे किती होतात ते विचारते.